मला माळावर पुरू नका

साहेब, तुम्ही आमच्या गावाला फसवलंत. तोंडावर सांगतो. मी मातीचा आहे, मला बदलीची भीती नाही.

मित्रांनो, मी एक जुना रांजण आहे. नेकनूरच्या रामहरी कुंभारानं मला घडवलं. भिवराबाईनं मला बाजारात वाजवून पाहिलं, गाडीत कडब्यावर बसवून घरी आणलं आणि ओसरीत पोटापर्यंत पुरलं. आमच्याकडे रांजण पुरला म्हणजे घर वसलं असं धरतात. माणसं ऊसतोडीला जातात, येतात. रांजण हलत नाही. भिवराबाईच्या मागं तिची सून चंद्रभागाबाई मला घासू-भरू लागली. वाटसरू पाणी पिऊन "लई गार हाय" म्हणायचे. मला तेवढं बास होतं.

बहात्तरचा दुष्काळ पडला. मी असा कोरडा पडलो की माझ्यात पाली राहायला आल्या. तेव्हा तुम्ही आलात, साहेब, आणि ओढ्यावर तलावाचं काम काढलंत. सगळं गाव सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन माती वाहू लागलं. चंद्रभागाबाईचा नवरा आश्रुबा त्याच बांधावर दगड फोडत होता. हा बांध तुझंच घर बुडवणार, हे त्याला कुणी सांगितलं नाही. सांगितलं ते बांध पुरा झाल्यावर. पाणी खालच्या अंगाच्या सहकारी साखर कारखान्याच्या उसाला, आणि आम्हाला वरचा माळ. तिथं पक्की घरं आहेत, विहिरीवरून आणलेला नळ आहे, असं तुम्ही म्हणालात.

मला उकरून गाडीत घातलं. शेजारी जातं, वर कोंबड्या, मागं रुसलेली म्हैस. नव्या घराच्या सिमेंटच्या भिंती चंद्रभागाबाईला ओक्याबोक्या वाटल्या, तिनं त्यांना शेणमातीचा हात दिला. दाराशी माझ्यासाठी खड्डा घेतला. मुरूम लागला, पहार ठणठण वाजली, तरी घेतला. नळाला पाणी आलं की मला त्यात पुरायचं ठरलं.

मग नळाच्या उद्घाटनाचा मांडव पडला. कारखान्याच्या चेअरमननं नारळ फोडून तोटी फिरवली. पाणी आलं, फोटो निघाले. आता आमची रीत ऐका, मित्रांनो. नव्या जागेचं पहिलं पाणी घरात भरत नाहीत. ते आधी मारुतीला, मग बैलांच्या पायांवर, मग पाहुण्यांना. बायकांनी घागरीवर घागरी मारुतीच्या ओट्यावर ओतल्या. चेअरमनच्या ड्रायव्हरलाही हातपाय धुवायला कळशी दिली. आपल्यापुरतं उद्या भरू, म्हणाल्या.

संध्याकाळी नळ फुसफुसला आणि मेला. शेजारची छबुबाई टाकीपासून विहिरीकडचा पाइप उकरत गेली, तर तो थोडं पुढं मातीतच संपलेला. विहिरीला जोडलेलाच नव्हता. टाकीत एक टँकर ओतून तुम्ही सोहळा उरकला होता.

तुमचा माणूस पाहणीला आला. म्हणाला, पाणी आलं होतं, फोटो आहे, तुम्हीच ते देवावर सांडलंत. मग मला बघून म्हणाला, "रांजण अजून खड्ड्याच्या भाईर कावून?"

"त्यो पुरला की गाव वसलं म्हनून तुमी मोकळे," चंद्रभागाबाई म्हणाली. "म्हनून न्हाई पुरत."

आश्रुबाचं म्हणणं, गप राहू, टँकर येत राहील. ती म्हणाली, "टँकरच्या मागं पळायला मी काय कुत्री हाय?" सकाळी त्यानंच गाडी जुंपली.

तलावातून उसाकडे पाट जातो. पाणी सोडायला त्याच्या दाराचं चाक जिथं फिरवतात, तिथं तिनं खड्डा घेतला आणि मला असा पुरला की चाकाला फिरायला जागा राहिली नाही. तीन दगडांची चूल मांडली. तलावातली घागर माझ्यात ओतली. बुडालेल्या घरावरचंच पाणी ते. दुपारपर्यंत छबुबाई आली, मागून बाकीची घरं आली.

पाटाचा राखणदार बिभीषण धावत आला. "मावशी, हितं राहता येत न्हाई. सरकारी जागा हाय."

"पानी आमच्या घरात राह्यलंय, इचारलं का कुनाला? आमी त्याच्या दारात राह्यलो तर कुनाचं बिघडलं?"

बिभीषणनं हसू आवरायला तोंडावर पंचा धरला. त्या दिवसापासून त्यानं चाकाला हात लावलेला नाही.

आता खाली ऊस पिवळा पडतोय, म्हणून तुम्हाला आमची आठवण झाली. उद्या जीप येणार, मला फोडणार, असा निरोप आलाय. फोडा. मला फोडायला एक काठी पुरे. पण गप राहू म्हणणारा आश्रुबा आज माझ्या अंगाला पाठ लावून बसलाय, आणि त्याच्या पाठीमागं आख्खं गाव.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला शाळेत शिकवतात. मला जपू नका. पाणी कुणाचं आणि चाललंय कुणाकडं, हे मात्र दर वेळी विचारा. मी विचारतोय.

साहेब, माळावरचा पाइप विहिरीला कधी जोडता? 'बघू' नका म्हणू. दिवस सांगा.