बासिलियोचं कापड

मेक्सिकोतल्या आमच्या पोमुच गावात ऑक्टोबर लागला की फिदेलिया युआनच्या दारात माणसं उभी. मेलेल्यांची कापडं सुईदोऱ्यानं भरून हवी असतात ना सगळ्यांना! माणूस पुरून तीन वर्षं झाली की त्याला वर काढायचं, हाडं पुसून लाकडी पेटीत ठेवायची, खाली नाव भरलेलं पांढरं कापड घालायचं. मग दर वर्षी नोव्हेंबरातल्या मेलेल्यांच्या सणाआधी पुन्हा पुसायचं आणि कापड बदलायचं. एवढं केलं की तो सणाला सरळ आपल्या घरी येतो, जेवतो आणि परत जातो. नाही केलं तर गल्लीबोळांतून भटकत बसतो, घर सापडत नाही त्याला. हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

फिदेलियाच्या हाताला तोड नाही, पण डोकं म्हणजे भरलेला बाजार. गेल्या साली एका आजोबांच्या पेटीत तिनं भलत्याच घरच्या आजीचं कापड पाठवलं. दोन्ही घरांत अजून अबोला आहे. गाव मात्र म्हणतं, म्हातारा मेल्यावर सुखी झाला.

हे ऐकून तिची भाची यारेली कांपेचेहून आली. शहरात कचेरीत काम करते, सगळ्याला तिच्याकडे उपाय असतो. तिनं मावशीपुढे एक ठिपक्यांची वही ठेवली.

"हे बघ मावशी. काम आलं की ठिपका. झालं की फुली. राहिलं तर बाण काढायचा आणि पुढच्या महिन्यात लिहायचं."

"आणि मी हे लिहीत बसले तर टाके कोण घालणार? तुझा बाप?"

"अगं, लिहिलंस की डोकं मोकळं होतं. आणि एखाद्या कामापुढे बाणच बाण यायला लागले, तर सरळ खोडून टाक. म्हणजे ते काम तुला करायचंच नव्हतं."

खोटं कशाला बोला, वहीनं काम केलं. दोरे वेळेवर आले, कापडं ज्याची त्याला गेली, लोक फिदेलियाला चक्क शहाणी म्हणायला लागले. एकच ओळ काही फुलीला पोचेना. 'बासिलियोचं कापड.' बासिलियो म्हणजे तिचा नवरा. त्याची तीन वर्षं ईस्टरलाच भरली होती, कबरी खणणाऱ्यानं दोनदा निरोप धाडला होता. फिदेलिया दर महिन्याला बाण काढायची आणि नव्या पानावर तेच नाव उतरवायची. साऱ्या गावाची कापडं भरणारी बाई, पण घरच्या माणसाच्या कापडाला सुई लागलेली नव्हती.

कारण बासिलियो गेलाच नव्हता. तो पाववाला. रोज पहाटे भट्टीचा धूर आणि बडीशेप घातलेल्या पावाचा वास घरभर फिरायचा, मग दोरीच्या झुल्याच्या कड्या कुरकुरायच्या, कोणीतरी दमून आडवं झाल्यासारख्या. फिदेलिया अंथरुणातूनच त्याला सांगायची, साखर महागली, शेजारच्या चोनाच्या कोंबडीनं पुन्हा कोथिंबीर खाल्ली, गुडघा दुखतोय. तो उत्तर देत नसे. जिवंत असतानाही फारसं देत नसे. तिला तेवढं पुरत होतं. एकदा पुसून पेटीत ठेवला की वर्षातून एकदाच यायचा. आत्ता रोज येतोय, मग कशाला पुसायचा? हे कोणाला सांगायची सोय नव्हती, पण वहीत बाण काढला की टाळाटाळसुद्धा शिस्तीत बसल्यासारखी वाटे.

पावसाळा सरत आला तसा वास उशिरा यायला लागला. मग एक दिवस आलाच नाही. त्या सकाळी शेजारची चोना भिंतीवरून डोकावली.

"फिदे, तुझा नवरा आवर बाई. पहाटे माझ्या झुल्यात येऊन पडला होता. जन्मात कधी माझ्याकडे मान वर करून बघितलं नाही, आणि आता ही थेरं."

"काहीतरीच काय."

"भट्टीचा वास मला कळत नाही होय?" चोनानं आवाज खाली आणला. "अगं, त्याला घर आठवेना झालंय. सण तोंडावर आलाय. कर की त्याचं एकदाचं."

"करते," फिदेलिया म्हणाली. आत जाऊन वही उघडली. पानोपानी त्या नावापुढे बाणांची माळ लागली होती. पेटीपाशी उभं राहून, त्याला हातात घेऊन, हा मेलाय असं मनाशी म्हणायचं. ते तिच्यानं होणार नव्हतं. भाचीनं सांगितलं होतंच. तिनं पेन उचललं आणि ओळ खोडून टाकली.

त्याच दुपारी, ऐन उन्हात, दाराशी कोणीतरी खाकरलं. उंबऱ्याबाहेर बासिलियो उभा होता. कोपरापर्यंत मैदा, पायात एकच चप्पल. इतकी वर्षं नुसता वास यायचा, आज माणूस आला होता. फिदेलिया सुई ठेवून उठली.

"बाई," तो अदबीनं म्हणाला, "इथं फिदेलिया कुठं राहते हो? केव्हाचा फिरतोय, कोणी सांगेना."

"मीच फिदेलिया. बासिलियो, अरे मी."

तो तिच्याकडे बघत राहिला, परक्या बाईकडे बघावं तसा. मग घरात नजर टाकली, झुल्याकडे, चुलीकडे.

"नाही हो," तो म्हणाला. "तिचं घर असं नाही." आणि पाठ फिरवून भर उन्हात चालू लागला, पुढचं दार ठोठावायला.

फिदेलिया दारातच बसली. आपण त्याला घरी ठेवतोय असं समजत होती ती, आणि तिनंच त्याला रस्त्यावर काढला होता. मग उठली. लोकांची कापडं होती तिथं टाकली, एक कोरं पांढरं कापड ताणलं आणि बासिलियोचं नाव भरायला घेतलं. कडेनं गव्हाच्या लोंब्या भरल्या. गिऱ्हाइकं येऊन ओरडून गेली. तिनं मान वर केली नाही.

स्मशानात चोना बरोबर आली, पण मागेच उभी राहिली. कबरी खणणाऱ्यानं त्याला वर काढून दिला. फिदेलियानं पायाकडून सुरुवात केली, एकेक हाड हातात घेऊन मऊ कुंचल्यानं झाडलं. गळ्याजवळच्या हाडावर गाठ लागली, सायकलवरून पडला होता तेव्हा मोडून वेडंवाकडं जुळलेलं. लग्नाआधीची गोष्ट. ती त्याला तेव्हाच म्हणाली होती, नीट बांधून घे. तिथं मात्र तिला हुंदका आवरला नाही.

"मेलास रे तू," ती म्हणाली. "खरंच मेलास."

कवटी सगळ्यात शेवटी, वर ठेवली. कापडाची टोकं पेटीबाहेर नीट सोडली, म्हणजे नाव दिसावं. मग वाकून त्याला पत्ता सांगितला. चर्चवरून डावीकडे, निळं दार, चोनाच्या आधीचं.

घर त्यानंतर गप्प झालं. पहाटे वास नाही, कड्या वाजल्या नाहीत. चोना रोज भिंतीवरून विचारी, "आला का गं?" आणि फिदेलिया नाही म्हणून मान हलवे. "माझ्याकडेही नाही," चोना म्हणे, आणि दोघी आपापल्या कामाला लागत. हे असंच राहणार, असं फिदेलिया धरूनच चालली होती.

सणाच्या दिवशी तिनं जमिनीत पुरून भाजलेला मक्याचा पिब ताटात काढला, कॉफी ओतली, दार सताड उघडं ठेवलं. दुपार कलली तसा भट्टीचा वास सरळ निळ्या दारातून आत आला. खुर्ची मागे सरकली.

"फिदे," तो म्हणाला, "मीठ कमी पडलंय."

ती हसली, रडली, पुन्हा हसली. साखर, कोंबडी, गुडघा, सगळं सांगितलं. बाहेर ऊन उतरत गेलं, घराघरांतून लोक आपापल्या माणसांना निरोप देऊ लागले. खुर्ची काही हलेना. तो तिच्या तोंडाकडे बघत थांबलाय हे तिला कळलं. एका शब्दाचं काम होतं. 'राहा' म्हटलं असतं तर राहिलाच असता.

फिदेलियानं ताट उचललं.

"निघ आता," ती म्हणाली. "अंधार पडायच्या आत पोच."