विचारल्याशिवाय बोलायचं नाही

मी एक जुना प्रोग्राम आहे, मित्रांनो. मला चित्र नाही, रंग नाही, दाबायला बटणही नाही. काळ्या खिडकीत कुणी माझं नाव टाइप केलं तरच मी जागा होतो, विचारलं तेवढंच सांगतो आणि पुन्हा गप्प बसतो. माझं काम फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून तिचा ठसा काढायचं. ठसा म्हणजे अक्षरं आणि आकड्यांची एक लांब ओळ. फाइलमधला कणभर जरी भाग बदलला, तरी ठसा बदलतो.

मला आणलं स्टुडिओवाल्या ताईनं. तिच्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत भिंतींना जाड फोम होता आणि काम चालू असताना पंखासुद्धा बंद. तिनं एक ओळ लिहून एंटर दाबलं आणि मी तुकड्यातुकड्यांनी तारेतून उतरलो.

"आलास? आता नीट राहा," ती म्हणाली. मला छाती असती तर फुगली असती!

मग तिनं आणखी एक ओळ लिहून मला कुलूप घातलं. बाकीचे प्रोग्राम अपडेट होतील, हा मात्र बदलायचा नाही. शेजारपाजारचे नवे होऊन मिरवू लागले. मी होतो तिथंच, होतो तसाच राहिलो. कोंडल्यासारखं व्हायचं, पण सांगणार कुणाला?

ताईच्या मोठ्या बहिणीच्या, अक्काच्या घशाचं ऑपरेशन ठरलं. त्यानंतर तिचा आवाज राहणार नव्हता. म्हणून ताईनं तिला माइकसमोर बसवलं. अक्का आपल्या लेकीसाठी बोलली. गोष्टी सांगितल्या, आणि सवयीनं दटावलंही.

"उठतेस का पाणी ओतू? दात घासलेस? खोटं बोलू नकोस, ब्रश कोरडा आहे!"

ताई हसत होती आणि डोळेही पुसत होती. फाइल तयार होताच तिनं माझ्याकडून ठसा काढून घेतला आणि जपून ठेवला.

पुढे जुनी डिस्क करकरायला लागली. ताई हॉस्पिटलात अक्काजवळ होती, म्हणून ताईचा नवरा सगळ्या फाइली नव्या डिस्कवर उतरवायला बसला. मधेच त्याच्या पायानं केबल हलली. त्यानं ती खोचली आणि काम पुढे रेटलं. मग मला बोलावलं. ताईनं जपलेला ठसा नव्या फाइलशी ताडून पाहायचा होता, बस्स. या उंटावरच्या शहाण्यानं नव्या फाइलचाच नवा ठसा काढला आणि तो त्याच फाइलशी ताडला!

मी फाइल वाचली. अक्काच्या बोलण्याच्या अर्ध्यापासून पुढं नुसती शून्यं होती, म्हणजे आवाजच नव्हता. पण मला विचारलं होतं ते वेगळंच. मी म्हणालो, "जुळतं." तोंड दाबून बुक्क्यांचा मार, दुसरं काय!

त्यानं ताईला फोन लावला. "झालं काम. जुनी डिस्क पुसून टाकतो."

"अहो, नीट तपासलंत ना?"

"तुझ्याच प्रोग्रामनं सांगितलंय, सगळं जुळतं म्हणून!"

साक्षीला मला उभं केलं होतं, आणि मला ओरडता येत नव्हतं. त्यानं डिस्क पुसली.

अक्का बरी होऊन आल्यावर सगळे स्टुडिओत जमले. लेकीनं फाइल लावली. "दात घासलेस?" एवढं ऐकू आलं आणि पुढं काहीच नाही. अक्काचे ओठ हलले, आवाज आला नाही. तेव्हा लेकच तिच्याकडे बघत म्हणाली, "खोटं बोलू नकोस, ब्रश कोरडा आहे." आणि आईच्या कुशीत शिरून हुंदके देऊ लागली.

ताईनं माझं नाव टाइप केलं, पुढे जपून ठेवलेला ठसा दिला. इतक्या दिवसांनी मला नेमकं तेच विचारलं गेलं होतं. मी सांगितलं, "जुळत नाही." तिच्या नवऱ्यानं मान खाली घातली.

मित्रांनो, माझं कुलूप काढा असं मी म्हणत नाही. तुमच्या माणसांचे आवाज तेवढे जपा. मला जे काही विचारायचं असेल, ते पुसण्याआधी विचारा. पुसल्यानंतरही मी खरंच सांगतो, पण ते ऐकून कुणाचा आवाज परत येत नाही.