घडीच्या चाकूनं केलेल्या दोन ओळी

तो चाकू घेतला तेव्हा मी चौतीस वर्षांचा होतो, दोन लेकरांचा बाप होतो आणि नाशिकच्या एका कचेरीत कारकून होतो. हे आधीच सांगून टाकतो. पोरवयातली गोष्ट आहे असं समजून कुणी मला माफ करायला नको.

चौऱ्याऐंशी सालचा जानेवारी होता. मेन रोडवरच्या एका दुकानात तो काचेखाली ठेवलेला दिसला. घडीचा, शिंगाच्या मुठीचा, पितळी खिळे ठोकलेला. पातं नखानं ओढलं की अर्ध्यावर जरा अडायचं आणि मग टक्कन उभं राहायचं. "जर्मन आहे, साहेब," दुकानदार म्हणाला. मला साहेब म्हणणारे तेव्हा फारसे नव्हते, त्यामुळे निम्मा सौदा तिथेच झाला. घरी येऊन मनगटावरचे केस भादरून पाहिले. पोरांच्या सगळ्या पेन्सिली तासल्या. बायकोनं कांदा चिरायला मागितला तर म्हणालो, "हा कांद्याचा नाही."

"मग कशाचा आहे?" तिनं विचारलं. याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं आणि ते शोधायच्या नादातच पुढचं सगळं घडलं.

रविवारी सायखेड्याला थोरल्या बहिणीकडे, मालनआक्काकडे गेलो. त्यांच्या द्राक्षबागेत गर्डलिंग चाललं होतं. मणी ज्वारीएवढे झाले की वेलाच्या खोडाभोवतीची बांगडीसारखी बारीक पट्टी साल काढायची, म्हणजे खाली उतरणारा रस वरच अडतो आणि मणी फुगतात. पण निघाली पाहिजे ती फक्त साल. आतलं लाकूड कापलं गेलं तर वेलाला पाणीच चढत नाही. या कामात नवसाबाईचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. साठीची बाई, पण दहा-बारा बागा तिच्या शब्दावर चालायच्या. तिचं हत्यार म्हणजे करवतीच्या पात्याचा तुकडा, एका टोकाला चिंधी गुंडाळलेला.

ती चिंधी पाहिली आणि माझ्या चाकूला काम सापडलं.

आक्काचे मालक, म्हणजे आमचे कारभारीदाजी, फवारणीचं औषध आणायला गेले होते. मला अडवणारं कुणी नव्हतं. "बाई, हे काय हत्यार झालं?" असं म्हणून मी चाकू उघडला. दोनदा उघडला, कारण पहिल्यांदा तिनं पाहिलंच नाही.

तिनं तो हातात घेतला, पात्यावर अंगठा आडवा फिरवला आणि परत दिला. "धार लय हाय, पाव्हणं. या कामाला जरा बोथटच बरं. लाकूड लागलं की हाताला कळाया पायजे."

"आम्हाला कळतं," मी म्हणालो.

मी दोन ओळी केल्या. पातं लोण्यातून जावं तसं जात होतं. तिचा एक वेल होईपर्यंत माझे तीन व्हायचे. मधे ती उठून आली, खोडाजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "पाव्हणं, लय खोल जातंय. थांबा."

"तुमची मजुरी बुडेल म्हणून सांगता का?" मी म्हणालो.

हे मी बोललो. आजही जेवताना मधेच हे वाक्य आठवतं आणि घास हातात राहतो. ती आपल्या ओळीकडं परत गेली. आक्का बांधावर उभी राहून भावाचं कौतुक पाहत होती.

पुढच्या रविवारी गेलो तर दाजींनी मला चपलाही काढू दिल्या नाहीत, थेट बागेत नेलं. मांडवाखालच्या त्याच दोन ओळींची पानं माना टाकून लोंबत होती. घड सुकले होते.

"नवसाबाईनं घात केला," दाजी म्हणाले. "म्हातारीची नजर गेली. समद्या बागवाल्यांना सांगून आलोय. आता तिला कुणी बागंत पाय ठिवू देणार नाय."

घरी आल्यावर मी आक्काकडं पाहिलं. तिनं नजर चुकवली आणि म्हणाली, "च्या घे, गार व्हतोय." मग माझ्या ध्यानात आलं. तिनं नवऱ्याला खरं सांगितलंच नव्हतं. भावाची अब्रू झाकायला तिनं नवसाबाईला पुढं केलं होतं. एका वाक्याचं काम होतं, पण मी तोंड उघडलं नाही. चहा प्यालो, वर अर्धा कप मागून घेतला. लाज वाटत होती, पण ती चहाबरोबर गिळता येत होती.

दुपारी पाय मोकळे करतो म्हणून निघालो आणि नवसाबाईचं घर गाठलं. ती उंबऱ्याशी बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होती. मी आजूबाजूला कुणी नाही असं पाहून घेतलं, आवाज खाली आणला आणि म्हणालो, "बाई, चूक माझी होती."

"व्हय. मला ठाव हाय," ती म्हणाली.

"मी माफी मागायला आलोय."

"मला कशाला सांगता, पाव्हणं? मला तर त्याच दिशी दिसलं व्हतं. मालकांना मी सांगितलं, तर मालकीणबाई म्हणल्या, माझ्या भावानं हात बी लावला नाय. त्यावर मी काय बोलणार? ज्याला ठाव नाय त्याला सांगा ना."

ती चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तसाच उलट पावली निघालो.

ओट्यावर दाजी तीन-चार बागवाल्यांशी बोलत बसले होते. दाजी आता चारचौघांत मला फाडून खाणार, या घरचे दरवाजे मला बंद होणार, आक्काचीही धडगत नाही, हे सगळं मनात धरूनच मी उभ्या उभ्या सांगितलं. चाकू, दोन ओळी, नवसाबाईनं दोनदा अडवलं तेही.

दाजी मांडीवर थाप मारून खदखदून हसले.

"ऐका रं! आमच्या सायबांनी जर्मन चाकूनं बाग कापली!"

सगळे हसले. आक्का दारात येऊन पदर तोंडाला लावून हसली, सुटल्यासारखी. "दोन वळींचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं?" दाजी म्हणाले आणि रात्रीच्या जेवणाला कोंबडी कापायचं ठरलं.

"आणि नवसाबाई?" मी विचारलं.

"सांगू की तिला. पण औंदा तर समद्यांनी दुसरी माणसं लावली." बाकीच्यांनी माना डोलावल्या. जेवायला न थांबता मी निघालो, तर "पाव्हणं रुसले," म्हणून पुन्हा हसू झालं.

एसटीला वेळ होता. मी पुन्हा नवसाबाईकडं गेलो.

"सांगितलं," मी म्हणालो. "सगळ्यांसमोर सांगितलं."

"काय म्हणले?"

खोटं बोलावं असं फार वाटलं. शिव्या दिल्या, हाकलून दिलं, असं काहीतरी. पण तेवढं तरी खरं सांगायचं ठरवलं.

"हसले," मी म्हणालो.

तिचे हात थांबले. तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं नीट वर पाहिलं.

"माझ्या वक्ताला नाय हसलं कुणी," ती म्हणाली.