काचेवरची टकटक

ताईच्या दाराशी चपलांचा ढीग पडला होता. आत सगळे श्वास रोखून बसलेले. खिडकीच्या काळ्या पडद्यामागून आवाज आला, टक, टक, टक. बायांनी हात जोडले.

दीड महिन्यापूर्वी ताईची नऊ वर्षांची मुलगी तापाने गेली. शाळेतून आली की ती याच काचेवर बोटाने टकटक करायची.

"लेकरू आत यायला धडपडतंय, बाई," कफनीतला बाबा डोळे मिटून म्हणाला. "काच रोज लख्ख पुसा. पडदा उघडू नका. आत्म्याला उजेड सोसत नाही."

"मग भर उन्हात कशी येते?" मी विचारलं.

"नास्तिकाची सावली पडली!" बाबा गरजला.

"गप्प बस रे," ताई कळवळून म्हणाली. "माझी पोर आलीय."

मी काचा बसवणारा माणूस. ही काचही मीच बसवलेली. लख्ख काचेमागे काळं कापड लावलं की तिचा आरसा होतो, हे आमच्या धंद्यातलं शेंबडं पोरही सांगेल.

गर्दी पांगल्यावर ताईला हाताला धरून बाहेर नेलं. एक बुलबुल काचेवर पुन्हा पुन्हा झेपावत होता.

"काचेत काय दिसतं?"

"मीच."

"त्यालाही तो स्वतःच दिसतो. घरट्यावर दुसरा नर चालून आलाय असं वाटून भांडतोय."

काचेवर रक्ताचे बारीक ठिपके होते. रोज ते ताईच डाग समजून पुसत होती. शेजारच्या वेलीतल्या घरट्यात एक पिल्लू चोच वासून होतं, दुसरं गार पडलेलं. बाप इथे भांडत बसलेला, एकटी आई किती पुरणार?

ताई बराच वेळ त्या गार पिल्लाकडे बघत राहिली.

"आणि माझी पोर?"

"ती नाही येणार, ताई."

तिने आत जाऊन पडदा ओढून काढला. मग साबणाचा फेस करून बाहेरून काचेला स्वतःच्या हाताने फासला. बुलबुल घरट्याकडे परतला. टकटक थांबली आणि त्या शांततेत ताई पहिल्यांदा मोकळेपणाने रडली.

तुमच्या काचेवर पाखरू डोकं आपटत असेल, तर बाहेरून साबण फासा. आणि घरात कोणी दुःखात असेल, तर त्याच्याजवळ जाऊन बसा. दीड महिना आम्ही कोणी बसलो नाही, म्हणून तिथे बाबा येऊन बसला.