भिंगरीचं खातं

सत्ताविसाव्या वर्षी कोण मृत्युपत्र करतं हो? भिंगरीने केलं. वकील मैत्रीण हात धुऊन मागे लागली म्हणून, हसत हसत. जमीनजुमला कसला, पोरीचा सगळा संसार फोनमध्ये. कार्टूनची चित्रं ती कामाला होती त्या स्टुडिओला, फोटो घरच्यांना, आणि पासवर्डसकट भावाला हुकूम: "ठोंब्या, फोटो उतरवून घे आणि माझं फोनचं खातं कायमचं बंद कर. बाकी कशात डोकवायचं नाही." वर्षही उलटलं नाही, डोक्यातली शीर फुटली आणि खेळ आटोपला.

ठोंब्या लिफ्ट दुरुस्त करतो. बहीण गेली तेव्हा तो रडला नाही. लोक म्हणाले, दगड आहे. असेल बुवा. कामावर जायचा, घरी यायचा, ताटात पडेल ते गिळायचा. आईचं मात्र एकच चाललेलं. भिंगरीने आईच्या फोनवर बोलून ठेवलेले निरोप ती उठल्यापासून लावायची. "आई, गोळी घेतलीस का?" "आई, उशीर होईल, जागत बसू नकोस." तेवढ्यावर ती तगून होती.

सुट्टीच्या दिवशी त्याने फोटो उतरवले. कशात डोकावला नाही. नक्की बंद करायचं का, असं स्क्रीनवर आलं. बटण दाबताना त्याला काहीच वाटलं नाही. एक काम हातावेगळं झालं.

"अरे, ही बोलत का नाही?" स्वयंपाकघरातून आई म्हणाली.

आईच्या फोनमध्ये एकही निरोप उरला नव्हता. मग घोळ ध्यानात आला. आईला पासवर्ड कधी लक्षात राहायचा नाही, म्हणून भिंगरीने वैतागून तिचा फोन स्वतःच्याच खात्याला जोडून दिला होता. आणि मृत्युपत्र करताना बाईसाहेब ते साफ विसरल्या. फोनच्या कंपनीत विचारलं, तर गेलेलं परत येत नाही म्हणाले.

फोन बिघडलाय म्हणून वेळ मारून नेता आली असती. "आई, मी पुसलं," तो म्हणाला. "चुकून. सगळंच गेलं."

आईने हंबरडा फोडला असता तर बरं झालं असतं. ती नुसती ओट्याला टेकून उभी राहिली.

"तिनेच सांगितलं होतं ना रे?"

"हो."

"दोघंही सारखेच वेंधळे."

मग तिने फोन त्याच्या तोंडापुढे धरला. "बोल."

"काय?"

"काहीही. तुझं काहीच नाहीये माझ्याकडे."

फोनमध्ये आवाज भरला जात होता. "काय बोलू, आई?" तो म्हणाला. मग पुन्हा तेच. "काय बोलू?"

"पुरे एवढं," म्हणत आईने ते थांबवलं. आणि तो समोर उभा असतानाच फोन कानाला लावून ऐकत बसली.