दोन घागरी

बावीस वर्षं प्रमोदिनीबाई दुसऱ्यांच्या तोंडून बोलल्या. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आली की भाषण बाईंनी लिहायचं, पोरांनी घोकायचं आणि ढाल मुख्याध्यापकांच्या कपाटात जायची. हुंडा म्हणा, वृक्षतोड म्हणा, मोबाइल शाप की वरदान म्हणा, बाईंचं पेन कधी अडलं नाही. त्यामुळे गल्लीनं पाण्यावर एक खणखणीत व्हिडिओ काढायचं ठरवलं, तेव्हा बोलणार कोण हा प्रश्नच कुणाला पडला नाही.

गल्ली अकरा घरांची. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, गुरुवारी चार वाजता, तेही जेमतेम तासभर. पहिलं घर बाईंचं आणि शेवटचं द्वारकाबाईंचं. द्वारकाबाई कॉलेजच्या पोरांना डबे करून देत. त्यांच्या तोटीला सहा वर्षांत हवेशिवाय काही आलं नव्हतं. दर गुरुवारी त्या दोन घागरी घेऊन बाईंच्या अंगणात यायच्या आणि बाई स्वतः पाइप धरून त्या काठोकाठ भरून द्यायच्या. ‘आधी तुमच्या, मग आमची टाकी,’ असं म्हणायच्यासुद्धा. या गोष्टीचा बाईंना अभिमान होता आणि तो त्यांनी लपवला नव्हता.

गेल्या महिन्यात द्वारकाबाई घागर कडेवर घेता घेता म्हणाल्या, “बाई, दोन घागरीवर डबे व्हत नाय आता. टँकरवाला दारात येईना. दिवाळी झाली की वेरूळला लेकीकडं जाते मी. घर देते कुणाला तरी भाड्यानं.”

यजमान गेल्यापासून संध्याकाळी गप्पा मारायला त्यांना हे एकच माणूस होतं. त्याच रात्री त्यांनी कागद ओढला आणि चार पानं लिहून काढली.

भाची वैदेही पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला. चित्रण तिच्याकडे होतं. तिनं पहिली ओळ वाचली आणि कपाळाला हात लावला.

“मावशी, ‘सन्माननीय व्यासपीठ’? व्यासपीठ कुठंय? लोक तिसऱ्या सेकंदाला बोटानं वर ढकलतात. नव्वद सेकंदांत बसव. आणि चिडून बोल. तू सुविचार सांगतेयस.”

बाईंनी चार पानांचं अर्धं पान केलं. गंगेचं पाणी गेलं, कालिदास गेला. एक वाक्य मात्र त्यांनी कापू दिलं नाही. ‘दर आठवड्याला माझ्या हक्काच्या पाण्यातून मी शेवटच्या घराला दोन घागरी देते, एका निवृत्त बाईला जे जमतं, ते पालिकेला का जमत नाही?’ वैदेहीलाही ते आवडलं. म्हणाली, “हे लागेल लोकांना.”

गुरुवारी पावणेचारला सगळी गल्ली द्वारकाबाईंच्या अंगणात गोळा झाली. बाई मधोमध उभ्या, मागं कोरडी तोटी, तोटीखाली उपडी घागर. घागर ही वैदेहीची कल्पना. चार वाजले, पोरं खटके दाबून आली आणि घराघरांतून, बाईंच्याही, मोटारी घुरघुरायला लागल्या. नळाच्या लाइनीलाच मोटार जोडून पाणी ओढायचं, ही गल्लीची जुनी रीत. सुरुवात कुणी केली ते कुणाला आठवत नव्हतं. आता एकानं ओढलं की सगळ्यांना ओढावं लागत होतं.

“आवाज येतोय!” वैदेही ओरडली. “पाच मिनिटं सगळ्या मोटारी बंद करा ना, प्लीज. मावशी, तुझीपण.”

एरवी गुरुवारी चार वाजता मोटार बंद कर म्हणणाऱ्याला गल्लीनं फाडून खाल्लं असतं. पण काम गल्लीचंच होतं. पोरं पळाली, खटके पडले आणि गल्ली चिडीचूप झाली.

बाईंनी पदर खोचला. “नमस्कार. माझ्या मागं ही तोटी बघा. सहा वर्षं हिला पाणी माहीत नाही...”

आवाज चढत गेला. चिडल्या होत्या बाई, खरोखर चिडल्या होत्या. “दर आठवड्याला माझ्या हक्काच्या पाण्यातून...” एवढ्यात मागं तोटी खाकरली. फसकन हवा आली, मग गढूळ पिचकारी, आणि मग मनगटाएवढी धार घागरीच्या बुडावर आदळायला लागली.

गल्ली हसून लोळायची राहिली. “बाई, काय जबान आहे तुमची! पाइपातून पाणी खेचलं!” असं शेजारचे काकासाहेब म्हणाले. त्यांच्या मुलाला, अभयला मात्र घाई. “कट करो कट. शॉटची वाट लागली. तोटी बंद करा न् पुन्हा घ्या. आपली टाकी राहिलीय भरायची.” आणि तो घरात जाऊन मोटार लावूनही आला. मागोमाग आणखी दोनतीन खटके पडले.

मनगटाएवढी धार करंगळीएवढी झाली, मग तिचं सूत झालं, मग थेंब.

“हां, आता बरोबर दिसतंय,” वैदेही म्हणाली. “मावशी, घे पुन्हा पहिल्यापासून.”

बाई तोटीकडं बघत राहिल्या. हिशेब तिसरीच्या पोराला सुटावा असा होता आणि बाईंना सहा वर्षं सुटला नव्हता. त्या द्वारकाबाईंकडं वळल्या.

“तुम्हाला ठाऊक होतं?”

द्वारकाबाईंनी उपडी घागर सुलटी केली. “व्हय. तुमची मोटार लागली की आधी माझीच तोटी सुकायची. पैलं घर ना तुमचं.”

“मग बोलला का नाहीत एकदाही?”

“बोलले असते तर त्या दोन घागरी कोण भरू देत व्हतं, बाई?”

रागानं म्हटलं नव्हतं त्यांनी. भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. सहा वर्षं काठोकाठ भरून दिलेल्या सगळ्या घागरी एकदम डोळ्यांपुढं आल्या, आणि त्या देतानाचा स्वतःचा चेहराही.

“चालू कर,” त्या वैदेहीला म्हणाल्या.

“मोटारी चालू आहेत मावशी, आवाज...”

“येऊ दे आवाज. तोही ऐकू जाऊ दे.”

काकासाहेबांच्या लक्षात आलं. “बाई, बोलायचं ते पालिकेवर बोला. लई पुढं जाऊ नका. गल्लीत राहायचंय तुम्हाला.”

“द्वारकाबाईंनाही राहायचंय,” बाई म्हणाल्या. हातातला कागद त्यांनी चार घड्या घालून कमरेला खोचला. बावीस वर्षांत कागदाशिवाय त्यांनी कुणाला उभं केलं नव्हतं. आणि या वेळी पोरांना सांगायच्या तसं ‘समोरच्या भिंतीकडं बघून बोल’ हे त्यांना स्वतःला जमेना. समोर अकरा घरं उभी होती.

“मी प्रमोदिनी. या गल्लीतलं पहिलं घर,” त्या म्हणाल्या. “सहा वर्षं मी द्वारकाबाईंना दर गुरुवारी दोन घागरी पाणी देत आले. ते त्यांचंच होतं.”