विंगेतला शब्द

“पहिलाच शब्द द्यायचा. दुसरा दिलास, की वाक्य नटाचं राहत नाही, तुझं होतं.”

आत्या हे मला कितीदा तरी सांगायची. चाळीस वर्षं ती नाटकात प्रॉम्प्टर होती. विंगेत स्टुलावर बसून, मांडीवर संहिता घेऊन, नट अडला की पुढचा शब्द पुरवायची. दिवसा कचेरीत टंकलेखन, संध्याकाळी विंग. रविवारी संग्रहालयात एकाच चित्रासमोर तासभर. साठीत तिने व्हायोलिन शिकायला घेतलं आणि शेजाऱ्यांचा छळ मांडला. ऐंशीनंतर चहाच्या किटलीची चित्रं काढायची.

“एकात तरी नाव काढायचंस,” मी एकदा म्हटलं.

“नाव घेऊन काय करू? मला आत येऊ दिलं, पुष्कळ झालं.”

ब्याण्णव वर्षांची होऊन गेल्या महिन्यात ती गेली. त्याआधी माझा हात धरून म्हणाली, “माझ्या शोकसभेत नटश्रेष्ठ बोलणार. हल्ली विसरतो तो. तू विंगेत उभी राहा. कबूल?”

तिच्या जुन्या नटमित्राला ती लाडाने, थोडं टोचून, नटश्रेष्ठ म्हणायची. मी कबूल म्हटलं. सभा किती वाजता, ते कुठे विचारलं!

सभा आज पाचला. आणि चार ते दिवेलागण माझं मौन. यजमानांच्या दुखण्यात नवस म्हणून घेतलेलं. दुखणं गेलं, मौन राहिलं; एकोणीस वर्षांत एकदाही मोडलं नाही. आत्या चिडवायची, “देवाला तुझा आवाज इतका नकोसा झालाय का गं?”

म्हणून मी ते काम धाकट्या भावावर ढकललं. सकाळी नटश्रेष्ठ आमच्याकडे तालमीला आले. खुर्चीची पाठ धरून बोलू लागले. “समोर भरलेलं थिएटर. मी उभा. आणि…” इथे थांबले. ओठ हलत राहिले.

भाऊ गरजला, “आणि मला एक अक्षर आठवेना, तेवढ्यात विंगेतून तिचा आवाज आला!”

म्हातारे मटकन बसले. “मग तूच कर भाषण.”

“अहो काका, मदतच केली ना!”

“हात द्यायला सांगितलं होतं, खांद्यावर घेऊन मिरवायला नाही.”

बऱ्याच मनधरणीनंतर पुन्हा उठले. पुन्हा तिथेच अडले. मी चहाचा कप घेऊन दारात उभी होते. “मला,” मी हळूच म्हटलं. ते थेट शेवटापर्यंत गेले. माझ्याकडे बघितलंही नाही.

भाऊ स्वयंपाकघरात आला. “ताई, तूच ये. देव काय घड्याळ लावून बसलाय?”

“हळू बोल.”

“बघ! तुझा आवाज एरवीही तिसऱ्या खुर्चीपर्यंत जात नाही. या कामाला तूच.”

जेवणं झाली, ते दोघे सभागृहाकडे गेले, आणि मला कुठेच बसवेना. धुतलेले कप पुन्हा धुतले. कपाट उपसलं. माळ घेतली, मणी मोजता मोजता चुकले, पहिल्यापासून सुरू केली, पुन्हा चुकले. बाहेर यजमान खोकले तशी माळ टाकून मी धावत गेले.

“अगं, ठसका लागला,” ते वर्तमानपत्रामागून म्हणाले. “तुला सभेला जायचंय ना? मग हे कपाट का उपसलंयस?”

मी घड्याळाकडे बघितलं. चार वाजायला अजून अर्धा तास होता.

डोळ्यांसमोर ते हलणारे ओठ येत होते. भरल्या सभागृहात ते तसेच उभे राहणार, आणि भाऊ पुन्हा गरजणार.

देवासमोर गेले. हात जोडले, पण नेहमीचे शब्द येईनात. “मोडतेय,” एवढंच म्हटलं. “यांच्याकडे बघू नकोस. काय असेल ते माझ्या पदरात घाल.”

कपाटाच्या तळाशी आत्याचे मऊ तळव्याचे बूट होते. विंगेत पाऊल वाजू नये म्हणून ती तेच घालायची. मला बोटभर सैल झाले. नाड्या घट्ट आवळल्या, भाषणाची माझ्याकडची प्रत घेतली आणि दार अलगद ओढून घेतलं.